पक्षी दाखवायचा, पत्ता नाही

ज्या माणसाने उभी नोकरी मुलांना मोकळे पक्षी दाखवण्यात घालवली, त्याला निवृत्तीच्या दिवशी आमच्या शाळेने काय दिलं असेल? पिंजरा दिला. गुलाबी रंगाच्या तारांचा, वर कडी असलेला पिंजरा, आणि आत लव्हबर्ड्सची जोडी. शाल होती, नारळ होता, आणि त्यांच्या जोडीला हा पिंजरा. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "सरांचं पक्ष्यांवर एवढं प्रेम, म्हटलं आता घरी त्यांना करमलं पाहिजे." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तेवढंच माझ्या हातात होतं.

सरांनी पिंजरा डोळ्यांसमोर धरला, आतल्या दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि माइकशिवायच विचारलं, "यांना सोडलं तर जगतील का?"

"नाही हो सर, पिंजऱ्यातच जन्मलेत ते," कुणीतरी सांगितलं.

"म्हणजे आजपासून मी जेलर," असं म्हणून सर खाली बसले. लोक पोट धरून हसले. सरांनी जाता जाता विनोद केला असं सगळ्यांना वाटलं. संध्याकाळच्या भोर गाडीत सर पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर ओळखीचा, त्याने विचारलं, "सर, ह्यांचं अर्धं तिकीट फाडू का?" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते कुठं आपणहून चाललेत?"

हे सगळं आठवलं की माझं डोकं अजून तापतं. लिहायला बसले आहे ती त्यामुळेच. सर आता भोरला घरी असतात, धडधाकट आहेत, तेव्हा हे काही मृत्युलेखासारखं गोडगोड होणार नाही. त्यांना गोड चालायचंही नाही.

आमची शाळा भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. भोरहून निघालेली एसटी पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत येते, पलीकडे वेल्ह्याचे डोंगर, आणि जिथे रस्ता संपल्यासारखा वाटतो तिथे शाळा. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी शिकवते. दोघेही भोरचे, रोज एकाच गाडीने जाणारे. जाताना सर डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचे. ती जागा दुसऱ्या कुणी धरली, तर उभ्याने प्रवास करायचे, पण उजव्या बाजूला बसायचे नाहीत. पाणी डावीकडे असायचं ना! मातकट रंगाचे चार शर्ट होते, तेच आलटून पालटून. पांढऱ्या कपड्यांवर त्यांचा भारी राग. सव्वीस जानेवारीला सगळा स्टाफ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि मध्ये हे एकटे चिखलातून उठून आल्यासारखे. मोबाईल ते एका जुन्या पायमोज्यात ठेवायचे. मोजा मूळचा पांढरा, चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी केलेला. काच चमकली तर पाखरू उठतं म्हणून मोज्याला भोक पाडून तेवढ्यातून चित्रण करायचे.

एसटीतून भारद्वाज दिसला की आमच्याकडे लोक हात जोडतात. सकाळी त्याचं दर्शन झालं की दिवस चांगला जातो. ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करतो. एकदा एका आजोबांनी अगदी डोळे मिटून नमस्कार केला. सर वळून म्हणाले, "बाबा, डोळे मिटल्यावर दर्शन कसं झालं?"

आजोबा म्हणाले, "मास्तर, सकाळच्या पारी त्यो दिसणं लई चांगलं असतंय."

"तुमच्यासाठी. त्याला सकाळच्या पारी तुम्ही दिसलात, त्याचं काय?"

गाडीभर हशा. सरांच्या कपाळावर मात्र आठी तशीच. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मला विचाराल, तर त्यांचा सगळा विक्षिप्तपणा एवढाच होता की, जी गोष्ट बाकीचे बोलण्यापुरती मानतात, ती ते खरोखर मानायचे.

रोज पहिल्या तासाला ते मुलांना एक व्हिडिओ दाखवायचे. आदल्या दिवशी नाहीतर त्याच सकाळी काढलेला, मिनिटभराचा. शाळेत देणगीतून आलेला एक टीव्ही होता. एरवी त्याच्यावर कापड पडलेलं असायचं. सरांच्या तासाला ते कापड निघायचं. मी मोकळी असले की मागच्या बाकावर जाऊन बसायची. व्हिडिओला संगीत नाही, पाटी नाही, पक्ष्याचं नाव नाही. सुरुवातीला सरांचा दबका आवाज यायचा, "गप. बघ." बस्स. मग मिनिटभर पक्षी. नाव शेवटी सांगायचे, तेही मुलांनी सगळं सांगून झाल्यावर. एका मुलाने आधीच नाव विचारलं, तर म्हणाले, "पाचवीत आलास तेव्हा तुझं नाव विचारायच्या आधी मी तुझं नाक पुसलं होतं. आधी ओळख, मग नाव."

मिनिटभरच का, असं मी एकदा विचारलं. "पक्षी तुमच्यासमोर मिनिटाच्या वर थांबतो का? मग व्हिडिओने का थांबावं? पुढचं बघायचं तर पोरं बाहेर जातील." आणि खरंच जायची. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता पोरं कुंपणापाशी मान वर करून उभी असायची. शाळेच्या कुंपणावरून किंवा घरच्या वाटेवर दिसत नाही असा एकही पक्षी सरांनी टीव्हीवर आणला नाही. "पेंग्विन बघून पोर काय करील? उद्या त्याला पेंग्विन भेटणार आहे का?"

आणि त्यांच्या वर्गात 'सुंदर' म्हणायला बंदी होती. पक्षी सुंदर आहे असं जो म्हणेल तो वर्गाबाहेर. "सुंदर काय सुंदर? शेपटी वर होती का खाली? चालला का उड्या मारल्या?" मग पोरं हात वर करकरून सांगायची. "सर, त्यो चालताना मान न्हाई हलवत, शेपूट हलवतोय." "सर, तिनं किडा तसाच न्हाई खाल्ला, आपटून आपटून मारला आदी." पाठ्यपुस्तकातली उत्तरं पुटपुटणारी हीच पोरं. माझ्या तासाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी रुपाली नावाची एक सातवीतली मुलगी तिथे सलग पाच-सहा वाक्यं बोलायची.

माझ्या विषयावर त्यांचा खास राग. स्टाफरूममध्ये माझ्यापुढे निबंधांचा गठ्ठा दिसला की सुरू. "काय म्हणतात आज तुमचे पक्षी? किलबिल?" मी म्हणायची, मग काय करतील? "बाई, साळुंकी भांडते, खंड्या ओरडतो, कोतवाल नकला करतो. तुमच्या निबंधात सगळे एकजात किलबिल करतात. मोर, पोपट आणि चिमणी, तीन पक्ष्यांवर चाललंय तुमचं मराठी." मला भयंकर राग यायचा. शिवाय ते खरं होतं, म्हणून जास्त यायचा. पुढच्या परीक्षेत 'पहाटेचे दृश्य' या निबंधात एका मुलाने लिहिलं की, पहाटे टिटवी ओरडत होती, कारण तिच्या जागेत कुत्रं आलं होतं. मी पैकीच्या पैकी दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, टिटवीचं ओरडणं अशुभ, ते निबंधात कसं चालेल? मी म्हटलं, कुत्र्याला विचारा.

आता सरांच्या सगळ्यात मोठ्या खोडीकडे येते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. त्यांच्या व्हिडिओत कधीही क्षितिज दिसायचं नाही. ना डोंगर, ना झाड, ना घर, ना पाण्याची कड. माती, खडे, गवत आणि पक्षी, एवढंच. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ गेला की कुणीतरी म्हणायचंच, "सर, मागं तोरणा घ्यायचा की, किती छान दिसला असता." सर उत्तर द्यायचे नाहीत. वर्गात मात्र वारंवार सांगायचे, "पक्षी दाखवायचा, पत्ता नाही. तुमच्या घरात बाळंतीण असली तर आई दारावर पाटी लावते का?" मुलं हसायची. मीही हसायची. शहरातून कुणी कशाला येणार आहे इथे, खडे आणि टिटव्या बघायला?

जमिनीवरचे पक्षी सरांना इतक्या जवळून कसे मिळायचे, त्याचीही एक गंमत आहे. पाणी उतरलं की धरणाचं पोट उघडं पडतं, आणि वरच्या वाडीची मेंढरं तिथे चरायला उतरतात. माणूस दिसला की टिटवी शंभर पावलांवरून बोंब मारते, पण मेंढरांना ती फारशी जुमानत नाही. म्हणून सर डोक्यावरून घोंगडं घ्यायचे आणि ओणवे होऊन कळपातून चालायचे. साठीला टेकलेला माणूस, विज्ञानाचा शिक्षक, आणि घोंगडं पांघरून मेंढरांत! मेंढरांच्या मालकिणीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "मास्तर, पाखरं न्हाई बिथरत तुमच्यापायी, पर माजी मेंढरं बिथरत्यात. तुमी एकतर धड मेंढरू व्हा, न्हाईतर धड मानूस व्हा."

"आक्का, दोन्ही जमलं नाही म्हणूनच मास्तर झालो," सर घोंगड्यातून म्हणायचे.

हे व्हिडिओ तालुक्याच्या कानावर गेले तेव्हा वेल्ह्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात सरांना बोलावलं. मीही होते. सरांनी वेड्या राघूचा व्हिडिओ पाठवला होता, तो लहानसा हिरवा पक्षी तारेवरून झेपावतो, माशी पकडतो, परत तारेवर. तिथल्या साहेबांनी तो 'थोडा आकर्षक' करून घेतला होता. दिवे मालवले आणि सुरू झाली बासरी. पक्ष्याच्या भोवती चांदण्या चमकायला लागल्या, खाली अक्षरं फिरायला लागली, आणि मध्येच कुणा बाईंचा मधाळ आवाज, "बालमित्रांनो, किती सुंदर आहे ना हा पक्षी!" सर अंधारातच उठले, धडपडत पुढे गेले आणि स्पीकरची पिन उपटली.

"साहेब, वेडा राघू बासरी वाजवत नाही."

साहेब समजूतदारपणे हसले. "सर, मुलांना आवडलं पाहिजे ना. नुसता पक्षी किती वेळ बघतील?"

"माझी पोरं बघतात. नुसता पक्षी पुरत नसेल, तर त्यात पक्ष्याचं काय चुकलं?"

त्या दिवशी चहाच्या वेळी सरांपाशी मी सोडून कुणी आलं नाही. घमेंडखोर आहेत, वागायला जड आहेत, असं शेजारच्या घोळक्यात चाललेलं आम्हाला ऐकू येत होतं. मला अजूनही कळत नाही, कानात बासरी कोंबणारा विनयशील आणि ती काढणारा घमेंडखोर, हा हिशेब कुणी मांडला.

आता टिटवी. सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी धरणाचं पाणी लवकर उतरलं. आमच्याकडे पाण्यात बुडालेलं एक जुनं देऊळ आहे. उन्हाळ्यात आधी त्याचं शिखर वर येतं, मग खांब. ते बघायला थोडीफार माणसं येतात. देवळापासून थोड्या अंतरावर उघड्या खड्यांत टिटवीने चार अंडी घातली. घरटं असं काही नसतंच, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी. सरांनी घोंगड्यातून जाऊन ती टिपली आणि मुलांपुढे दुसरं काहीही दाखवणं बंद करून रोज टिटवीच लावली.

एक व्हिडिओ मी कधी विसरणार नाही. दुपारचं ऊन. टिटवी अंड्यांवरून उठते, लगबगीने पाण्याकडे जाते, पाण्यात बसकण मारते, पोटाची पिसं चांगली भिजवते आणि तशीच निथळत परत येऊन अंड्यांवर बसते. अंडी उन्हाने तापू नयेत म्हणून. व्हिडिओ संपला. मग रुपाली म्हणाली, "सर, ती प्वाट ओलं करून आली. माजी आई तापात कपाळावर फडकं ठेवती, तसं." सरांनी तिला शाबासकी दिली नाही. ते कुणालाच देत नसत. पण तो व्हिडिओ त्यांनी परत एकदा लावला, आणि तसं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर शाळेत एकच विषय. टिटवी पोट भिजवायला किती वेळा गेली, नर बसला का मादी, आक्काची मेंढरं जवळ आली तेव्हा पंख पसरून कशी उभी राहिली. पोरं आपापल्या घरी, ग्रुपवर, हातपंपावर टिटवीच सांगत होती. हा उत्साह मुख्याध्यापकांच्या नजरेत भरला. तालुक्यात उपक्रमांची स्पर्धा होती. ते सरांना म्हणाले, जागा दाखवा, आपण नीट चित्रण करू, शाळेचं नाव होईल, गावाचं नाव होईल. सर म्हणाले, "टिटवीचं काय होईल?" मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी वाट पाहिली. दहावीचे तपासलेले पेपर जमा करायला सर पुण्याला गेले, त्या दिवशी त्यांनी मुलांना विचारलं. मेंढरांमागे हिंडणाऱ्या पोरांना जागा ठाऊक होतीच. मुलं काय करतील? हेडसरांनी विचारल्यावर सांगायचं असतं, हेच आपण त्यांना पहिलीपासून शिकवलेलं.

आणि मग आपल्या शाळांनाच सुचू शकेल अशी गोष्ट झाली. टिटवीला संरक्षण हवं म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांकडून दगड गोळा करवले, ते चुन्याने पांढरे रंगवले आणि अंड्यांभोवती छान गोल मांडला. सव्वीस जानेवारीला झेंड्याभोवती मांडतो, तसा. एका मुलाने रांगोळीने लिहिलं, 'टिटवीचे घर'. मुलांनी हे इतक्या मायेने केलं की त्यांना बोलायला तोंड नाही. मी त्या दिवशी वरच्या वर्गांच्या परीक्षेवर होते. मला कळलं तेव्हा मुख्याध्यापकांचा व्हिडिओ जिकडेतिकडे पोचला होता. पांढरी टोपी घालून ते गोलाशेजारी उभे, हातात छडी. "नमस्कार मित्रहो!" मागे सनई. आणि छडीच्या बरोबर मागे देवळाचं शिखर. शेवटी भोरहून कसं यायचं, गाडी कुठे लावायची, तेही सांगितलेलं. गावाचा विकास!

रविवारी सकाळी सरांचा फोन आला. "बाई, तुमची स्कूटी आहे ना? चला." जो माणूस फटफटीच्या आवाजाला पक्ष्यांचा शत्रू म्हणायचा, तो माझ्यामागे बसला आणि वाटभर "जोरात, जोरात" म्हणत राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. धरणाच्या पोटात गाड्या उभ्या होत्या. पांढऱ्या दगडांच्या गोलाभोवती माणसांचं कोंडाळं. नळकांडी लावलेले कॅमेरे, तिपाया, मोबाईल, टोप्या, शीतपेयाच्या बाटल्या. कुणा दयाळू बाईने गोलाच्या आत वाटीत पाणी आणि मूठभर बाजरी ठेवली होती. आणि टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत होत्या. त्यांतली एक पुन्हा पुन्हा पाण्याकाठी उतरत होती, पोट भिजवत होती आणि माणसांच्या कडेपर्यंत येऊन परत फिरत होती. ते पोटावरचं पाणी तिथे येईस्तोवर वाळून जायचं. एक मुलगी मोबाईल वर धरून म्हणाली, "ऐक ना, किती गोड ओरडतेय!" गोड! ती बिचारी जीव तोडून शिव्या देत होती.

"मागे व्हा! सगळे मागे व्हा!" सर ओरडले. तसा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

एक तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही अंड्यांना हातसुद्धा लावलेला नाही."

"किती वेळ बसला आहेस?"

"सकाळपासून. पण लांबूनच हं."

"टेकव हात. इथे, खड्यांवर टेकव." सरांनी त्याचं मनगट धरून तळहात जमिनीला लावला. तो ओरडला आणि हात काढायला लागला. "काढू नकोस! सकाळपासून टेकवून ठेव! ती सकाळपासून तशी पडली आहेत. तुम्ही हात नाही लावला. तुम्ही कुणीच हात लावत नाही कधी!"

दहा-पंधरा मोबाईल एकदम सरांकडे वळले. कुणी हसलं, कुणी म्हणालं, काका फुल तापलेत. अखेर लोक गेले, पण ते आक्का काठी घेऊन उतरली म्हणून. तिने ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहू शकत नाही. "माजी मेंढरं रोज हितनं जात्यात, येका अंड्याला धक्का न्हाई! आन् तुमी बगाया आला व्हय रं? घ्या बगून!" पाणी आणि बाजरी तिने लाथेने उडवली.

संध्याकाळपर्यंत सरांचा व्हिडिओ सगळीकडे झाला. 'पक्षीप्रेमी काकांचा राडा.' त्याच्यावर हसणारे पिवळे चेहरे, त्याच्यावर गाणं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकेक मिनिट जपून काढलं, कशालाही सुशोभित केलं नाही, कुणाचा पत्ता दिला नाही, त्याचं जगात गाजलेलं एकमेव चित्रण हे. सोमवारी मुख्याध्यापकांनी त्यांना कार्यालयात उभं केलं. "पाहुण्यांशी असं वागतात? शाळेची बदनामी!" मी मध्ये पडले तेव्हा म्हणाले, "बाई, अंडी तर फुटली नाहीत ना? मग?"

नव्हती फुटली. टिटवी परत येऊन बसली होती. ती बसतच राहिली. पिल्लं बाहेर यायचे दिवस आले, उलटून गेले, आणि ती रोज दुपारी पाण्यावर जाऊन पोट भिजवून आणत होती, त्या अंड्यांसाठी. सरांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि वर्गात लावला. "गप. बघ" म्हणायचीही गरज पडली नाही. मिनिट संपलं तरी कुणी हात वर करेना. मग रुपाली उठली. तिने रंगवलेल्या दगडांचा चुना तिच्या नखांत कित्येक दिवस होता. "सर, आमी तर तिला घर केलं हुतं." आणि रडायला लागली. 

सरांना रडणारी मुलं सांभाळता येत नसत. ते घसा खाकरत म्हणाले, "तुम्ही नाही चुकलात. मोठ्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलं. यापुढे कुणालाही सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही. चला, दगड उचलू." सगळा वर्ग जाऊन ते पांढरे दगड वेचून घेऊन आला. ते अजून शाळेच्या मागे ढिगाने पडलेले आहेत. मुख्याध्यापकांच्या व्हिडिओला तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र कार्यालयात चौकटीत लावलेलं आहे, रोज सही करायला गेले की समोर येतं. त्यावर लिहिलंय, पक्षीसंवर्धनासाठी. मी त्याच्याकडे पाठ करून सही करायला शिकले आहे.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि तो पिंजरा त्यांच्या मांडीवर आला. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. लव्हबर्ड्सना ते वेळेवर राळे घालतात, पाणी बदलतात आणि त्यांच्याकडे पाहून रोज चिडतात. मी एकदा म्हटलं, यांचाही एक व्हिडिओ काढा की. म्हणाले, "कैद्यांचे फोटो पोलीस काढतात." टिटवीबद्दल मात्र त्यांनी स्वतःहून कधी विचारलं नाही. यंदा धरणाचं पाणी उतरायला लागलं तसे ते खिडकीतली खुर्चीसुद्धा आत ओढून बसायला लागले. आपण मुलांना बघायला शिकवलं आणि त्यामुळेच ती अंडी गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एकदा बोललेही, "बाई, दाखवलंच नसतं तर बरं झालं असतं का हो?" या प्रश्नाचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या गर्दीचाही आला नव्हता. दाखवणाऱ्याला हे वाटावं, आणि चौकट लावणाऱ्याला काहीच वाटू नये!

यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. रुपालीच्या वडिलांच्या फोनवरून, मिनिटभराचा. उघडला तर नुसते खडे. ना डोंगर, ना देऊळ, ना पाण्याची कड. आधी एक दबका मुलीचा आवाज, "गप. बग." मग कडेने टिटवी आली, पोट निथळत होतं. ती दोन्ही बाजूंना बघून हळूच खाली बसली. चित्रण हलत होतं, कोपऱ्यात घोंगड्याची दशी आली होती आणि मध्येच एक मेंढरू खोकलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेल्या गेल्या विचारलं, "रुपाली, कुठे आहे गं ही?"

ती उभी राहिली. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "कोन बाई? औंदा टिटवी आलीच न्हाई बगा."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. "व्हय बाई, न्हाई आली," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. आणि त्याच वेळी खिडकीबाहेर, पाण्याच्या अंगाला, टिटवी कोकलत होती. एकाही पोराने तिकडे मान वळवली नाही.

मधल्या सुट्टीत मी तो व्हिडिओ सरांना पाठवला. लगेच फोन आला. मागे लव्हबर्ड्सचा कलकलाट चाललेला.

"कुठला आहे हा?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "मी विचारलं. मुलं मलासुद्धा सांगत नाहीत."

पलीकडून त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी ते माझ्यावर जोरात ओरडले, "मग तुम्ही विचारलंतच कशाला?"